कानबान मुसुमे: दुकानाची पाटी झालेली मुलगी

आज एकच जपानी शब्द घेऊन आलोय: 'कानबान मुसुमे'. कानबान म्हणजे दुकानाची पाटी, मुसुमे म्हणजे मुलगी. जिच्यामुळे गिऱ्हाईक दुकानाकडे वळतं, ती मुलगी. जपानमध्ये आजही हा शब्द कौतुकानं वापरतात. मलाही आधी गोडच वाटला. मग मी ओसेनची गोष्ट वाचली.

चला, १७६० च्या दशकातल्या एडोत, म्हणजे आजच्या टोकियोत. यानाका भागात कासामोरी इनारीचं देऊळ होतं आणि देवळासमोर कागिया नावाचं चहाचं दुकान. तिथे ओसेन चहा द्यायची. वय असेल सतरा-अठरा.

नेमकं त्याच सुमारास, १७६५ पासून, एडोत बहुरंगी ठशांची चित्रं छापायला सुरुवात झाली होती. त्यातला मोठा चित्रकार सुझुकी हारुनोबू. त्यानं ओसेनची चित्रं काढली आणि ती घरोघरी पोचली. बघता बघता तिच्या नावाचे पंचे, बाहुल्या, खेळाचे पट बाजारात आले. लोक देवळात यायचे, पण खरं लक्ष चहावालीकडे! आजच्या भाषेत सांगायचं तर पोरगी व्हायरल झाली.

आणि १७७० च्या आसपास एक दिवस ती गायब. गिऱ्हाईक येऊन बघतं तर चहा द्यायला तिचा म्हातारा बाप! शहरभर अफवा उठल्या. प्रत्यक्षात काय झालं होतं? तिनं शोगुनच्या पदरी असलेल्या एका सामुराईशी लग्न केलं होतं. पुढे तिनं संसार केला आणि १८२७ मध्ये वारली. चित्रांतली ओसेन मात्र कायम अठराचीच राहिली.

पाटी काही रिकामी राहिली नाही. १७९३ च्या सुमारास उतामारोनं चहाच्या दुकानातली ओकिता आणि सेनबेई, म्हणजे तांदळाच्या कुरकुरीत पापड्या विकणाऱ्या घरातली ओहिसा, यांची चित्रं गाजवली. इतकी, की अशा साध्या घरातल्या मुलींची नावं चित्रांवर छापायला सरकारनं बंदी घातली. मग चित्रकारांनी नावाऐवजी कोडी काढली. काही वर्षांत त्यांवरही बंदी आली.

मला खटकतं ते इथं. चित्रं विकून छापणारे कमावत होते, गर्दीमुळे दुकानं कमावत होती. नियम करायचे ते सरकार करत होतं. पण या सगळ्यात 'तुझा चेहरा विकू का?' असं त्या मुलींना कुणी विचारलं होतं का?

म्हणून मला ओसेन आवडते. इतकं नाव झालेलं असताना ती उठली आणि घरी गेली. दुकानाची पाटी उतरवायला मालक लागतो. ही पाटी स्वतःच उतरली.

पुढच्या वेळी कुठल्याही दुकानाच्या रीलमध्ये हसरा चेहरा दिसला, तर एक क्षण थांबा आणि त्या माणसाचं नाव विचारा. भेटू पुढच्या भागात!