प्रथमदर्शन आणि कुलवैर : एका नाट्यवस्तूचा इतिहास

वैरी कुळांतील तरुण-तरुणींचे प्रथमदर्शनी जडलेले प्रेम हा नाट्यसाहित्यातील इतका रुळलेला संकेत आहे की, त्याचे दोन घटक मुळात एकत्र नव्हते याचा सहसा विसर पडतो. ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ची पूर्वपीठिका या दृष्टीने उद्बोधक आहे. मासूच्चो सालेर्नितानोच्या १४७६ मधील कथासंग्रहात सिएना येथील मारिओत्तो आणि जानोत्झा यांची कथा येते. गुप्त विवाह, हद्दपारी, निद्राद्रव्य हे सारे तिच्यात आहे; कुलवैर मात्र नाही. ते १५३० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या लुइजी दा पोर्तोच्या कथेत आले. कथा वेरोनात नेताना त्याने दान्तेच्या ‘पुर्गातोरिओ’त एकत्र उल्लेखिलेली मोंतेक्की व कापेल्लेत्ती ही नावे दोन वैरी घराण्यांना दिली. कुलवैर येताच प्रथमदर्शनाचे मोलही पालटले. ज्या घरांत येणेजाणे नाही तेथे परिचयातून प्रेम वाढण्याची वाटच बंद होते. उरते ते केवळ दर्शन, आणि तेही नाव कळण्यापूर्वीचे.

तथापि कथनाला सवड असते. दा पोर्तोचे प्रेमिक मेजवानीनंतर चर्चमध्ये आणि खिडकीतून परस्परांना न्याहाळत राहतात. बांदेल्लो (१५५४) आणि बोआस्त्युओ (१५५९) यांच्यामार्फत ही कथा आर्थर ब्रुकच्या इंग्रजी काव्यात (१५६२) पोहोचली. त्यात मेजवानी नाताळच्या सुमारास, तर टिबल्टचा वध ईस्टरनंतर घडतो. १५९५ च्या सुमारास शेक्सपिअरने हा महिन्यांचा विस्तार रविवार ते गुरुवार एवढ्या अवधीत आणला. हा केवळ कालसंकोच नव्हे. ब्रुककडे टिबल्टचा प्रवेशच दंगलीच्या प्रसंगी होतो. शेक्सपिअर त्याला मेजवानीतच उपस्थित ठेवतो. ज्युलिएटला पाहून रोमिओ जे पहिले उद्गार काढतो, त्याच उद्गारांतील आवाजावरून टिबल्ट त्याला ओळखतो. प्रेमाचा उच्चार आणि वैराची ओळख एकाच क्षणी होते. पुढील द्वंद्वाचे बीज येथेच पडते. प्रेमिकांना मात्र परस्परांची नावे कळतात ती चौदा ओळींचे सुनीत संवादातून पुरे झाल्यानंतर.

प्रथमदर्शनाला उथळ मोह ठरविणारी समीक्षा सहसा रोझलिनकडे बोट दाखवते. दुपारपर्यंत एकीसाठी झुरणारा रोमिओ रात्री दुसरीचा होतो, हा तिचा आक्षेप. परंतु निमंत्रितांच्या यादीत रोझलिन ही कॅप्युलेटची पुतणी म्हणून येते, याकडे या आक्षेपात दुर्लक्ष होते. म्हणजे रोमिओचे पूर्वीचे प्रेमही वैऱ्याच्याच घरचे होते. तरीही तेथे कुलवैराचा उल्लेखही होत नाही, कारण ते प्रेम एकतर्फी होते. कुलवैर अडथळा म्हणून उभे राहते ते प्रेमाला प्रतिसाद मिळाल्यावरच. रोझलिन हा नाटकाचा दोष नसून तुलनेचा आधार आहे.

उत्तरकालीन रंगभूमीला हे मानवले नाही. टॉमस ऑटवेने १६७९ मध्ये हे कथानक मारिअस व सुल्ला यांच्या रोममध्ये नेले. डेव्हिड गॅरिकने १७४८ मध्ये सादर केलेल्या आवृत्तीत रोझलिनचा उल्लेख ठेवला होता. १७५० मध्ये मात्र तो गाळून रोमिओ आरंभापासूनच ज्युलिएटवर अनुरक्त असल्याचे दाखविले. नायकाच्या चंचलतेचा डाग पुसण्याच्या या प्रयत्नात प्रथमदर्शनच पुसले गेले. मेजवानीत तो तिला नव्याने पाहत नाही, आधीच ओळखतो. नावाआधीचे दर्शन गेले, आणि त्याबरोबर नाव कळण्याचा आघातही अर्ध्यावर आला. इंग्रजी रंगभूमीवर हे रूप दीर्घकाळ टिकले. १८४५ मध्ये लंडनच्या हेमार्केट नाट्यगृहात शार्लट कुशमन हिने स्वतः रोमिओची भूमिका करून शेक्सपिअरची संहिता पुन्हा उभी केली.

या इतिहासातून एवढे निश्चित दिसते की, कुलवैराच्या नाट्यात प्रथमदर्शन ही अद्भुतरम्य सजावट नसते. नावाने माणूस ठरविणाऱ्या समाजात नावाविना माणूस दिसण्याचा तो एकमेव क्षण असतो. तो काढून प्रेम अधिक विश्वसनीय करता येत नाही. केवळ वैर सौम्य होते.