दंतमूल अवशोषण (मुलांचे कायमचे दात)

दंतमूल अवशोषण म्हणजे शरीरातीलच पेशींनी दाताचे मूळ झिजवून नाहीसे करणे होय. दुधाच्या दातांत ही क्रिया नैसर्गिक असते. म्हणूनच पडलेल्या दुधाच्या दाताला बहुधा मूळ उरलेले नसते. कायमच्या दातात मात्र ती विकृती ठरते.

==कारणे व प्रकार==
मुळाचा पृष्ठभाग पेशींच्या पातळ थरामुळे सुरक्षित राहतो. मार, जंतुसंसर्ग किंवा दाब यांमुळे हा थर नष्ट झाल्यास ओडोंटोक्लास्ट नावाच्या पेशी मुळावर हल्ला करतात. डॅनिश दंतवैद्य येन्स ओव्ह अँड्रिसेन यांनी बाह्य अवशोषणाचे तीन प्रकार मानले. पृष्ठीय अवशोषण आपोआप भरून येते. दाहजन्य अवशोषणात मेलेल्या दंतगाभ्यातील जंतूंची विषद्रव्ये डेंटिनच्या सूक्ष्म नलिकांतून बाहेर झिरपतात. मुलांच्या कोवळ्या दातांत या नलिका रुंद असल्याने काही महिन्यांतच मूळ नष्ट होऊ शकते. प्रतिस्थापी अवशोषणात मुळाची जागा हाड घेते व दात जबड्याशी एकजीव होतो. वाढत्या मुलाचा जबडा वाढत राहतो, दात मात्र जागीच राहून शेजारच्या दातांपेक्षा आखूड दिसू लागतो.

वरचा सुळा वाकड्या दिशेने उगवत असल्यास शेजारच्या पटाशीच्या दाताचे मूळ झिजते. हे बहुधा वेदनारहित असल्याने क्ष-किरण चित्राशिवाय कळत नाही. त्यामुळे दहाव्या वर्षाच्या सुमारास सुळ्याचा उंचवटा हिरडीवर बोटाने चाचपून पाहणे महत्त्वाचे ठरते. योग्य वेळी दुधाचा सुळा काढल्यास कायमचा सुळा अनेकदा मार्गावर येतो. दात सरळ करणाऱ्या तारांच्या दाबानेही मुळांची टोके थोडी आखूड होतात. दाब थांबला की ही झीज सहसा थांबते.

==निखळलेला दात==
सर्वाधिक धोका निखळून पडलेल्या दाताला असतो व त्याचे भवितव्य बहुतांशी पहिल्या तासातच ठरते. कायमचा दात मुळाला स्पर्श न करता वरच्या भागाने उचलावा, मळला असल्यास हलकेच धुवावा, पण घासू नये, आणि लगेच खाचेत बसवावा. ते जमत नसल्यास दुधात ठेवून दंतवैद्याकडे न्यावा. कोरड्या रुमालात गुंडाळणे घातक ठरते, कारण मुळावरील पेशी सुकून मरतात. दुधाचा दात मात्र पुन्हा बसवत नाहीत.

==उपचार==
दाहजन्य प्रकार मूळनलिका स्वच्छ करून तीत कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरल्यास बहुधा थांबतो. प्रतिस्थापी प्रकार थांबवणारा खात्रीचा उपाय नाही. अशा वेळी दाताचा वरचा भाग कापून मूळ हाडातच ठेवतात. त्यामुळे हाडाची रुंदी टिकते आणि वाढ पूर्ण झाल्यावर तेथे कृत्रिम दात बसवता येतो.