बहिरं मूळ आणि खोटारड्यांचं बेट

नाकाडोंगरीत मुलांना तर्काची कोडी घालायची झाली की मी फळ्यावर एक फाटा काढतो. एक रस्ता तुमसरला, दुसरा कटंगीला. फाट्यावर एक माणूस उभा आहे. तो कायम खरं तरी बोलतो किंवा कायम खोटं तरी. दोन्हींपैकी कोणता, ते आपल्याला ठाऊक नाही. एकच प्रश्न विचारून तुमसर गाठायचं. मुलं आधी विचारतात, ‘तू खोटारडा आहेस का?’ आणि तिथंच अडकतात, कारण दोघंही ‘नाही’च म्हणणार.

विचारायचं असं: ‘हा रस्ता तुमसरला जातो का, असं मी विचारलं असतं तर तू हो म्हणाला असतास का?’ रस्ता बरोबर असेल तर खरा माणूस ‘हो’ म्हणेल. खोटारडा सरळ प्रश्नाला ‘नाही’ म्हणाला असता, पण आता त्या ‘नाही’बद्दलही त्याला खोटं बोलावं लागतं, म्हणून तोही ‘हो’च म्हणतो. दोन खोटी एकमेकांना खातात.

एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘सर, पण त्यानं म्हटलं, मी आत्ता खोटं बोलतोय, तर?’

तर गणित फसतं. वाक्य खरं धरलं तर खोटं ठरतं, खोटं धरलं तर खरं. अमेरिकेच्या रेमंड स्मलियन यांनी 1978 च्या पुस्तकात खऱ्या-खोट्यांच्या बेटाची कोडी लिहिली आणि स्पर्धा परीक्षांच्या गाइडांमधून आपल्या मुलांपर्यंत आलं ते साधारण हेच बेट. म्हणून मुलांना वाटतं, ही विद्या बाहेरची. मोठ्यांनाही तसंच वाटतं, आणि मला ते खटकतं. कारण मागच्या बाकावरचा हा प्रश्न आपल्या मदरशांत शतकानुशतकं शिकवला गेलाय.

नसीरुद्दीन तूसी (1201 ते 1274) यांनी त्याचा गंभीर विचार केला. त्यांचा मुद्दा असा की खरं-खोटं ठरवायला बोलणं एक आणि ज्याबद्दल बोललं ते दुसरं, अशा दोन गोष्टी लागतात. इथं तर एकच आहे. पुढच्या शतकात तफ्ताझानी यांनी या कोड्याला ‘जज़्र-ए-असम्म’ म्हटलं, म्हणजे बहिरं मूळ. अरबी गणितात दोनच्या वर्गमुळासारख्या, नेमक्या अपूर्णांकात न मांडता येणाऱ्या मुळाला हेच नाव होतं. त्याचं लॅटिन भाषांतर झालं आणि त्यातूनच इंग्रजीतला ‘सर्ड’ आला. नववीच्या मराठी पुस्तकात त्याला करणी म्हणतात. (गावात करणीचा अर्थ वेगळाच, त्यामुळे त्या दिवशी वर्ग हसण्यातच जातो.)

शीराज़मध्ये जलालुद्दीन दव्वानी आणि सद्रुद्दीन दश्तकी यांच्यात याच वाक्यावरून वाद रंगला. दव्वानी म्हणत, हे वाक्य खबरच नाही, कारण स्वतःची हकीकत स्वतःच सांगता येत नाही.

ही चर्चा हिंदुस्थानात रुजली ती मुहिब्बुल्लाह बिहारी यांच्या ‘सुल्लमुल उलूम’मधून. हे औरंगज़ेबाच्या काळातले काझी. 1707 मध्ये वारले. त्यांनी दव्वानींचं मत मांडलं, पण मानलं नाही. त्यांचा तोडगा असा: वाक्य गाठोड्यासारखं बांधलेलं पाहिलं तर ती हकीकतीची वस्तू, आणि गाठ सोडून पाहिलं तर ती हकीकत. एकाच वाक्यात दोन गोष्टी मिळाल्या, पेच सुटला. मला तो पूर्ण सुटलेला वाटत नाही, पण युक्ती देखणी आहे. पुढे लखनौच्या फिरंगी महलमध्ये मुल्ला निज़ामुद्दीन यांच्या नावानं दर्स-ए-निज़ामी रुळला, त्यात हे पुस्तक होतं. बिहारी सोळा-सतरा वर्षांच्या पोरांनी पाठ करावं म्हणून लिहीत नव्हते, वाद घालावा म्हणून लिहीत होते. त्यावर शरहांवर शरहा लिहिल्या गेल्या. नंतर आपणच मंतिकला कालबाह्य ठरवून बाजूला ठेवलं. सुधारणेच्या नावाखाली अभ्यासक्रम हलका करताना वाद घालण्याची सवयही गेली, असं माझं मत आहे.

एक गोष्ट मात्र बेटाच्या कोड्यांत बसत नाही. सहीह बुखारीत हज़रत अबू हुरैरा यांचा किस्सा आहे. ज़कातीच्या धान्यावर पहारा देताना त्यांनी एक चोर पकडला. दोनदा त्याच्या गयावया ऐकून सोडला, तिसऱ्यांदा त्यानं झोपताना आयतुल कुर्सी पढायला सांगून सुटका मिळवली. पैगंबर (स.) म्हणाले की तो आहे खोटारडा, पण हे त्यानं खरं सांगितलं, आणि तो सैतान होता. म्हणजे खोटारडा कायम खोटंच बोलतो हा नियम इथं मोडला.

हे सांगितल्यावर त्याच मुलानं विचारलं, ‘मग फाट्यावर असा माणूस असला तर?’ मी म्हटलं, मग एका प्रश्नात जमायचं नाही. मनात येईल तेव्हा खरं, मनात येईल तेव्हा खोटं बोलणाऱ्याला कसाही प्रश्न घाला, भरवसा नाही. हदीसचे अभ्यासक कच्च्या रावीबाबतीत काय करत? तीच गोष्ट दुसऱ्या कुणी, दुसऱ्या वाटेनं सांगितली आहे का, ते शोधत. मुलानं फाट्यावर आणखी एक माणूस काढला आणि म्हणाला, ‘सर, आता दोन प्रश्न द्या.’