करार, याजकपण आणि मनाचा काळोख

मराठी माणसाला 'करार' हा शब्द भेटतो तो बहुधा भाड्याच्या घराच्या नाहीतर नोकरीच्या कागदपत्रांत. दोन पक्ष, त्यांच्या अटी, ठरलेली मुदत आणि अट मोडल्यास होणारी कारवाई, असे त्याचे स्वरूप. बायबलच्या दोन भागांनाही मराठीत 'जुना करार' आणि 'नवा करार' असेच म्हणतात. मुद्रांकाच्या कागदावरचा करार आणि हा करार यांत फरक कोणता, हा प्रश्न एरवी धर्मशास्त्राच्या अभ्यासकांपुरता राहिला असता. पण श्रद्धावान ख्रिस्ती कुटुंबात वाढलेल्या एखाद्याला नैराश्याचा आजार जडतो, तेव्हा हाच प्रश्न त्याच्या उशाशी येऊन बसतो. 'आपण आपली बाजू पाळली नाही, म्हणून देवाने पाठ फिरवली' असे त्याला वाटू लागते आणि आजाराच्या दुःखात अपराधाच्या दुःखाची भर पडते.

हा प्रश्न विशेष टोकदार होतो तो अमेरिकेतील 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' या पंथात. जग त्याला मॉर्मन पंथ म्हणून ओळखते. २०१८ पासून मात्र हे नाव वापरू नये, असा पंथाच्या नेतृत्वाचा आग्रह आहे. जोसेफ स्मिथ यांनी ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात पंथाची स्थापना केली. ठिकठिकाणी विरोध आणि हिंसा वाट्याला आल्यावर ब्रिगहॅम यंग यांच्या नेतृत्वाखाली अनुयायांचा पहिला जथा १८४७ मध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचला आणि पुढे यूटा राज्य हे त्यांचे घर झाले. अन्य बहुतेक ख्रिस्ती पंथ या पंथाच्या काही शिकवणुकींशी सहमत नाहीत. तो वाद येथे बाजूला ठेवलेला बरा.

या पंथातील माणसाचे सारे आयुष्य करारांनी विणलेले असते. आठव्या वर्षी बाप्तिस्मा होतो, तो पहिला करार. दर रविवारी भाकरी आणि पाणी घेऊन त्या कराराची उजळणी केली जाते. पुढे मंदिरात जाऊन अधिक गंभीर करार करायचे, आणि तिथेच विवाह होतो तो मृत्यूनंतरही टिकणारा मानला जातो. या विधींना अधिकार लाभतो तो याजकपणाचा. याजक म्हटले की पगारी, वेगळा पोशाख केलेला धर्मगुरू डोळ्यांपुढे येतो. येथे तसे नाही. मुलगा बारा वर्षांचा होतो त्या वर्षी त्याला अहरोनाचे याजकपण मिळू शकते आणि रविवारच्या सभेत भाकरी-पाण्याची तबके फिरवण्याचे काम त्याच्याकडे येते. अठराव्या वर्षी मलकीसदेकाचे याजकपण मिळू शकते. स्थानिक मंडळीचा प्रमुख असलेला बिशपही एखादा वकील, शिक्षक किंवा दुकानदार असतो. आपला व्यवसाय सांभाळून काही वर्षे तो हे काम विनावेतन करतो आणि पुन्हा मागच्या बाकावर जाऊन बसतो.

व्यवस्था लोकशाही वळणाची आणि आपुलकीची आहे, यात शंका नाही. पण तिच्या मुळाशी 'पात्रता' ही कल्पना आहे. याजकपण पात्रांना मिळते, मंदिराचे दार पात्रांना उघडते. रविवारच्या प्रार्थनेतील आश्वासन असे, की जे ख्रिस्ताचे स्मरण ठेवतील आणि आज्ञा पाळतील त्यांना पवित्र आत्म्याची सोबत सदैव लाभेल. ही सोबत ओळखायची कशी? मनाला लाभणाऱ्या शांतीने, अंतःकरणात जाणवणाऱ्या उबेने, असे मुलांना लहानपणापासून शिकवले जाते.

नैराश्य नेमके येथेच घाव घालते. या आजारात आनंद, ऊब, ओढ यांची जाणीवच बधिर होते. नातवंडाला कडेवर घेऊनही काही वाटत नाही, तसेच प्रार्थनेतही काही वाटत नाही. मग रुग्ण शिकलेल्या सूत्राचा उलटा प्रवास करतो. सोबत जाणवत नाही, म्हणजे ती उरलेली नाही. उरलेली नाही, म्हणजे कराराचा भंग झाला असला पाहिजे. आता आपला गुन्हा कोणता एवढेच शोधायचे उरते, आणि शोधणाऱ्याला काही ना काही सापडतेच! मानसोपचारशास्त्रात नैराश्याचे निदान करताना जी लक्षणे पाहिली जातात, त्यांत स्वतःविषयीची निरर्थकतेची भावना आणि अवाजवी अपराधीपणा यांचा स्पष्ट समावेश आहे. म्हणजे श्रद्धावान रुग्ण ज्याला सदसद्विवेकबुद्धीचा कौल समजतो, तो पुष्कळदा तापातल्या अंगदुखीसारखा आजाराचाच भाग असतो. आतून पाहणाऱ्याला हा फरक कळत नाही, हीच या आजाराची खरी क्रूरता.

मंदिराचे प्रवेशपत्र साधारणतः दर दोन वर्षांनी नव्याने घ्यावे लागते. त्यासाठी आधी बिशप आणि नंतर त्याच्या वरच्या स्तरावरील अधिकारी मुलाखत घेतात. श्रद्धा, प्रामाणिकपणा, उत्पन्नाचा दशांश, दारू-तंबाखू-चहा-कॉफी वर्ज्य करण्याचा नियम, अशा विषयांवर ठरावीक प्रश्न असतात आणि सर्वांत शेवटी विचारले जाते, की प्रभूच्या मंदिरात जाण्यास तुम्ही स्वतःला पात्र समजता का? निरोगी माणूस क्षणभर थांबून होकार देतो. स्वतःला निरर्थक समजणे हेच ज्याच्या आजाराचे लक्षण आहे, त्याने काय उत्तर द्यावे?

दुसरी अडचण आशीर्वादाची. आजाऱ्याच्या मस्तकावर अभिषिक्त जैतुनाचे तेल लावून, हात ठेवून प्रार्थना करणे हे याजकपणाचे महत्त्वाचे काम मानले जाते. नव्या करारातील याकोबाच्या पत्राचा त्याला आधार आहे. एखाद्या रुग्णाला अशा आशीर्वादाने मोठा धीर येतो, आणि तो धीर खोटा नसतो. पण महिना उलटला, दोन उलटले आणि सकाळी उठवेनासेच झाले, तर दोष कोणाकडे जातो? आशीर्वाद देणाऱ्याकडे क्वचितच. रुग्ण तो स्वतःच्या अपुऱ्या श्रद्धेच्या खात्यावर मांडतो. डॅलिन ओक्स यांनी एप्रिल २०१० च्या महापरिषदेत या विषयावर सविस्तर भाषण केले. वैद्यकशास्त्र, श्रद्धा आणि याजकाचा आशीर्वाद हे एकमेकांचे पर्याय नसून पूरक आहेत, आणि आशीर्वादाचे फळ शेवटी देवाच्या इच्छेवर अवलंबून असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणजे बरे न होणे हा अश्रद्धेचा पुरावा ठरत नाही.

तरुणांची कहाणी आणखी वेगळी. मुलगे दोन वर्षे आणि मुली दीड वर्ष घरापासून दूर धर्मप्रचाराला जातात. ऑक्टोबर २०१२ मध्ये त्यासाठीची वयोमर्यादा मुलांना अठरा आणि मुलींना एकोणीस अशी खाली आणण्यात आली. नैराश्याने प्रथम डोके वर काढण्याचे वयही पुष्कळांच्या बाबतीत हेच असते. प्रचाराची मुदत पूर्ण होण्याआधी आजारपणामुळे परतलेल्या मुलाला विमानतळावर उतरतानाच आपण अर्धवट सुटलेला करार आहोत असे वाटू लागते. पूर्वी या काळात घरी फोन वर्षातून दोनदाच करता येई, नाताळला आणि मातृदिनाला. फेब्रुवारी २०१९ मध्ये दर आठवड्याला घरच्यांशी बोलण्याची मुभा मिळाली. निर्णय लहान वाटतो, पण दूर देशी खोलीत रडत बसलेल्या अठरा वर्षांच्या मुलासाठी तो लहान नव्हता.

स्त्रियांना या पंथात याजकपदाची दीक्षा दिली जात नाही. त्यामुळे एकट्या, विधवा किंवा घटस्फोटित स्त्रीला 'आपल्या घरात याजकपण नाही' अशी बोच लागून राहते; नैराश्यात ती बोच परित्यक्ततेचे रूप घेते. स्त्रियांना दीक्षा मिळावी या मागणीसाठी चळवळ झाली आणि जून २०१४ मध्ये तिच्या संस्थापक केट केली यांना पंथातून बहिष्कृत करण्यात आले. दीक्षेचा नियम बदलला नाही. स्पष्टीकरण मात्र बदलत गेले. ऑक्टोबर २०१९ मध्ये तत्कालीन अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी स्त्रियांना उद्देशून सांगितले, की मंदिरात केलेल्या करारांमुळे याजकपणाचे सामर्थ्य त्यांनाही थेट लाभते. टीकाकारांना ही शाब्दिक मखलाशी वाटते, तर अनेक श्रद्धावान स्त्रियांना त्यातून खराखुरा आधार मिळतो. याजकपणाची कल्पना अचल नाही, एवढे तरी यावरून दिसते. कृष्णवर्णीय पुरुषांना १९७८ पर्यंत ते नाकारले जात होते, हेही विसरता येत नाही.

मग करार म्हणजे नेमके काय? उत्पत्तीच्या पुस्तकातील पंधराव्या अध्यायात अब्रामाशी देवाने केलेल्या कराराचे वर्णन आहे. त्या काळच्या रीतीप्रमाणे जनावरांचे दोन भाग करून समोरासमोर मांडले जात आणि करार करणारे त्यांच्या मधून चालत. मोडणाऱ्याची गत या जनावरांसारखी होवो, असा त्याचा अर्थ. अब्रामाने सारी मांडणी केली. पण सूर्य मावळताना त्याला गाढ झोप लागली आणि घोर काळोखाची भीती त्याच्यावर पसरली. त्या काळोखात धुमसती भट्टी आणि जळती मशाल तेवढी तुकड्यांमधून पुढे गेली. अब्राम चाललाच नाही. अटींचे ओझे देवाने स्वतःवर घेतले, असा अर्थ अनेक भाष्यकार लावतात. पुढे ग्रीक भाषांतरकारांनी कराराच्या हिब्रू शब्दासाठी जो शब्द निवडला, त्याचा व्यवहारातला अर्थ मृत्युपत्र. मृत्युपत्र एकच माणूस लिहितो. वारसाने फक्त घ्यायचे असते.

अर्थात हे चित्र एकरंगी नाही. सीनाय पर्वतावरचा करार अटींचाच आहे, आणि मॉर्मन धर्मग्रंथांत तर माणूस आज्ञा पाळतो तेव्हाच देव वचनाने बांधला जातो, असा स्पष्ट आशय आहे. त्यांच्यातीलच आणखी एक वचन असे सुचवते, की आपल्याकडून होईल तेवढे सारे केल्यावर कृपेने तारण होते. 'सारे' म्हणजे किती, या एका शब्दाने कित्येकांची झोप उडवली असेल. ब्रिगहॅम यंग विद्यापीठातील प्राध्यापक स्टीफन रॉबिन्सन यांनी १९९२ मध्ये 'बिलीव्हिंग क्राइस्ट' हे पुस्तक लिहिले ते याच पेचावर. त्यांची पत्नी अनेक जबाबदाऱ्या वाहताना एक दिवस थकून थांबली. आपल्याकडून हे होणार नाही, असे तिने सांगून टाकले. रॉबिन्सन यांनी तिला त्यांच्याच संसाराची आठवण दिली. लग्न झाल्यावर दोघांनी संयुक्त खाते उघडले तेव्हा तिच्या खात्यावर देणे होते आणि त्यांच्या खात्यावर थोडी शिल्लक. दोन्ही एकत्र होताच देणे फिटले. ख्रिस्ताशी केलेला करार हा असा विवाह आहे, व्यवहार नव्हे, असे त्यांचे म्हणणे. एप्रिल २०१५ मध्ये डीटर उख्तडॉर्फ यांनी त्या वचनाचा खुलासा करताना आपल्या प्रयत्नांमुळे कृपा विकत मिळत नाही, हे स्पष्ट केले. २०२२ मध्ये नेल्सन यांनी 'हेसेद' या हिब्रू शब्दाच्या आधारे, कराराने बांधलेल्या माणसाविषयी देवाची ओढ कधीही थकत नाही, असे लिहिले.

नैराश्याविषयी या पंथाच्या व्यासपीठावरून झालेले सर्वांत गाजलेले भाषण जेफ्री हॉलंड यांचे. ऑक्टोबर २०१३ मध्ये तेव्हा प्रेषितपदावर असलेल्या हॉलंड यांनी त्याला स्तोत्रसंहितेतील फुटक्या भांड्याच्या प्रतिमेवरून शीर्षक दिले. उदास दिवसांविषयी नव्हे, तर वैद्यकीय अर्थाच्या तीव्र नैराश्याविषयी आपण बोलत आहोत, असे त्यांनी सुरुवातीलाच बजावले आणि वैवाहिक आयुष्यात एकदा आर्थिक चिंता व अतीव थकवा एकत्र आले तेव्हा आपणही त्या गर्तेत गेलो होतो, हे कबूल केले. पंथाचे आठवे अध्यक्ष जॉर्ज अल्बर्ट स्मिथ यांच्या मनोदौर्बल्याचाही त्यांनी उल्लेख केला. अपेंडिक्स सुजले तर देवाची अपेक्षा काय असेल? आशीर्वाद घ्यावा आणि उत्तम डॉक्टरही गाठावा. मनाच्या आजारालाही तोच न्याय, असे त्यांचे सांगणे होते. त्याआधी, १९८७ मध्ये रसेल बॅलर्ड यांनी आत्महत्या केलेल्यांविषयी निवाडा करण्याची घाई करू नये, सारी परिस्थिती केवळ देव जाणतो, असे लिहून शोकाकुल कुटुंबांना दिलासा दिला होता.

भाषणांनी आजार बरा होत नाही, आणि कराराचा अर्थ नीट समजल्यानेही होत नाही. त्यासाठी औषधे आणि समुपदेशनच लागते. समजुतीने एवढेच होते, की रुग्णाच्या पाठीवरचा दुसरा, विनाकारण वाहिलेला बोजा उतरू शकतो. २००२ च्या सुमारास यूटामध्ये नैराश्यविरोधी औषधांचा खप देशात सर्वाधिक असल्याची बातमी गाजली, तेव्हा काहींनी त्याचे खापर सरळ धर्मावर फोडले. इतरांनी उंचीवरच्या विरळ हवेकडे बोट दाखवले, तर काहींच्या मते तेथील लोक उपचाराला बिचकत नव्हते, एवढाच त्याचा अर्थ. एका आकड्यावरून निष्कर्ष काढणे धाडसाचे आहे. मात्र निर्दोषपणाचा ध्यास आणि नियमित पात्रता-तपासणी यांचा आजारी मनावर ताण येतो, हे नाकारण्यातही अर्थ नाही.

याजकांच्या पात्रतेविषयी लेवीय पुस्तकात एक जुना नियम आहे. अहरोनाच्या वंशातील ज्या पुरुषाला शारीरिक व्यंग असेल, त्याने वेदीजवळ जाऊन अर्पण करू नये, असे तो सांगतो. आजच्या वाचकाला तो कठोरच वाटेल. पण त्याला जोडूनच म्हटले आहे, की अशा पुरुषाने पवित्र भाकर मात्र खावी, परमपवित्र भागातलीही. काम त्याच्याकडून काढून घेतले, ताट काढून घेतले नाही. बिशपसमोर बसलेल्या नैराश्यग्रस्ताला काही काळ जबाबदारीतून मोकळे करताना नेमका हाच भेद सांभाळावा लागतो. ते कसे करायचे, याचे शिक्षण वकिली किंवा दुकानदारी करता करता बिशप झालेल्या माणसाला सहसा मिळालेले नसते. ऑक्टोबर २०१९ मध्ये मंदिर-मुलाखतीच्या प्रश्नांची सुधारित यादी जाहीर झाली, तीतही स्वतःला पात्र समजता का, हा शेवटचा प्रश्न कायम राहिला.