गंजगोलाई : लातूरच्या पेठेतील अन्नविक्रेत्यांचे काही शब्द

किल्लारीचा शेतकरी औशावरून लातुरास येतो तेव्हा त्याच्या तोंडी बाजाराची दोन नावे असतात. तूर विकावयाची असल्यास तो ‘मोंढ्यात’ जातो. मीठमिरची घ्यावयाची असल्यास ‘गोलाईत’. घाऊक धान्यबाजारास मोंढा म्हणण्याची रीत मराठवाड्यात सर्वत्र आहे. पुण्याची ‘मंडई’ त्याहून निराळी, कारण ती भाजीची.

गोलाईची दुमजली वर्तुळाकार इमारत १९१७ साली उभी राहिली. आराखडा नगररचनाकार फैयाजुद्दीन यांचा. मध्ये अंबाबाईचे देऊळ, आणि सोळा रस्ते तेथे येऊन मिळालेले. त्यांवर मिरचीपासून गुळापर्यंत मालाच्या ओळी लागल्या. लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते. परंतु १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे येथवर आल्याने पेठेचा व्यवहार इंग्रजी मुलखातील बार्शीशी जोडला गेला होता. दोन मुलखांची नाणी दोन, हाली व कलदार. सात हाली रुपयांस सहा कलदार हा हिशेब व्यापाऱ्यास पाठच ठेवावा लागे.

‘गंज’ म्हणजे फारसीत खजिना, कोठार. त्यावरून धान्याची पेठ. अर्थात हे नाव साठा करणाऱ्याच्या दृष्टीने पडलेले आहे. रस्त्याकडेला पाटी मांडून बसणाऱ्यांचा त्यात मागमूस नाही. आराखडा करणाऱ्याचे नाव टिकले, विकणाऱ्यांची टिकली नाहीत. त्यांच्यासंबंधी काही समजून घ्यावयाचे तर त्यांच्या शब्दांकडेच वळले पाहिजे.

‘बागवान’ हा फारसीत बागेची निगा राखणारा. मराठीत तो फळे-भाजी विकणारा झाला. याउलट ‘माळवे’ या शब्दात माळ्याचा मळा मालालाच चिकटून राहिला आहे. एका शब्दात पिकविणारा विक्रेत्यात लोपला, दुसऱ्यात भाजीत. पिकविणे आणि विकणे एकाच घरात चालत असल्याची ही खूण मानावयास हरकत नाही.

मापांचा इतिहास याहून बोलका आहे. १९५६ च्या कायद्याने दशमान वजने आली, शेर व पायली हळूहळू मागे पडली. ‘वाटा’ मात्र राहिला. कारण तो माप नव्हेच : वाट्यात भाव ठरलेला असतो व माल कमीजास्त होतो. तराजू तपासणाऱ्या अधिकाऱ्यास त्यात तपासण्यासारखे काही सापडत नाही. गिऱ्हाईक वर चार मिरच्या मागते, त्याही वाट्याच्या व्याकरणातच बसतात!

गोलाई आखून वसविलेली. किल्लारीवरही पुढे तीच वेळ आली, पण फार वेगळ्या कारणाने. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात जुने गावठाण उद्ध्वस्त झाले, हजारो माणसे गेली, आणि गाव नव्या जागी, सरळ रुंद रस्त्यांवर वसविण्यात आले. जुन्या गल्ल्यांची, बसण्याच्या जागांची नावे कागदावर नव्हती. ती सांगू शकणारी माणसे आता वृद्ध आहेत.