आवळलेली दोरी आणि परत आलेलं रक्त : एका संशोधन-प्रश्नाचा इतिहास

आपल्या खानदेशात शेतात साप चावला की पहिली धाव दोरीकडे असते. रात्री लाईट आल्यावर केळीला पाणी भरायला गेलेला माणूस असो की कपाशी वेचणारी बाई, सुतळी, उपरणं, जे हाताला लागेल त्याने पाय करकचून आवळतात. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून जळगाव किंवा धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात पोचायला दोन-तीन तास सहज जातात. तेवढा वेळ पाय बांधलेलाच.

याला नुसता अडाणीपणा म्हणू नका. जोसेफ फेरर या ब्रिटिश डॉक्टरने १८७२ मध्ये भारतातल्या विषारी सापांवर मोठा ग्रंथ काढला, त्यात त्यानेही बंध बांधायला सांगितलं होतं. म्हणजे ते त्या काळचं शास्त्रच होतं. आजची राष्ट्रीय उपचार-नियमावली मात्र सांगते, पाय बांधू नका. आणि पुढे आणखी सांगते, रुग्ण पाय बांधूनच आला असेल तर बंध एकदम सोडू नका. बंधाखाली नाडी लागत नसेल तर बीपीचा पट्टा लावून दाब हळूहळू उतरवा. यामागचं मुख्य कारण विष आहे. अडलेलं विष एकदम अंगात पसरू शकतं. पण पायातल्या स्नायूचं काय? तो इतका वेळ रक्ताविना आहे. रक्त परत आलं की त्याचं भलंच होणार ना?

हा प्रश्न सोपा वाटतो. त्याचं उत्तर मिळायला शंभरेक वर्षं लागली.

१८८१ मध्ये जर्मन शल्यचिकित्सक फोल्कमान यांनी दाखवलं की घट्ट पट्टी बांधल्यानंतर हात आखडतो तो रक्त तुटल्यामुळे, स्नायू मेल्यामुळे. तोपर्यंत दोष नसांना दिला जायचा. फोल्कमान यांच्या मते नुकसान होतं ते रक्त बंद असताना.

मग आलं १९४१. लंडनवर बॉम्ब पडत होते. बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी चार रुग्णांची नोंद छापली. तासन् तास ढिगाऱ्याखाली पाय अडकलेली ही माणसं बाहेर काढली तेव्हा बरी दिसत होती. नंतर पाय सुजला, रक्तदाब उतरला, लघवी गडद होऊन कमी होत गेली आणि मूत्रपिंडं निकामी झाली. अडकलेली असताना जिवंत होती, सुटल्यावर दगावली! मेलेल्या स्नायूतलं पोटॅशियम आणि मायोग्लोबिन परतणाऱ्या रक्ताबरोबर सगळ्या शरीरात गेलं होतं.

पण परतलेलं रक्त त्या स्नायूलाही इजा करतं का? याचा धागा १९८० च्या दशकात जो मॅककॉर्ड आणि सहकाऱ्यांच्या कामातून मिळाला. रक्त बंद असताना पेशीतलं एटीपी मोडत जातं आणि त्याचे अवशेष साठतात. ऑक्सिजन परत आला की त्या अवशेषांवर एन्झाइमची क्रिया होऊन फ्री रॅडिकल तयार होतात आणि पेशीचं आवरणच जाळतात. यालाच रिपर्फ्यूजन इजा म्हणतात. साध्या भाषेत, दुष्काळात तडकलेल्या बंधाऱ्यात एकदम पूर सोडला तर बंधाराच फुटतो.

आता गंमत बघा. १९८६ मध्ये ड्यूक विद्यापीठात मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी कुत्र्यांच्या हृदयाची एक रक्तवाहिनी ५ मिनिटं बंद, ५ मिनिटं चालू, असं चार वेळा केलं. मग ती सलग ४० मिनिटं बंद ठेवली. आधी चार वेळा त्रास दिलाय, म्हणजे नुकसान जास्त व्हायला हवं, असं कुणालाही वाटेल. पण मेलेला भाग कंट्रोल गटाच्या फक्त २५ टक्के निघाला! याचं नाव प्रीकंडिशनिंग. त्याच पेपरमध्ये त्यांनी हेही लिहिलं की ४० मिनिटांऐवजी ३ तास बंद ठेवलं तर फायदा दिसला नाही. स्वतःच्या शोधाची मर्यादा त्यांनी पहिल्याच पेपरात सांगितली. सिनॉप्सिस लिहिताना हे लक्षात ठेवा.

पुढे १९९५ मध्ये पँग आणि सहकाऱ्यांनी डुकरांच्या हाडाला जोडलेल्या स्नायूतही हे संरक्षण दाखवलं. दंडाला बीपीचा पट्टा फुगवून दूरचं हृदय वाचवता येईल, इथपर्यंत आशा गेली. पण २०१५ मध्ये हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांवरच्या दोन मोठ्या चाचण्या छापून आल्या आणि दोन्हींत रुग्णांना ठोस फायदा दिसला नाही. तरुण, निरोगी प्राणी आणि मधुमेह असलेला, आधीच पाच गोळ्या खाणारा साठीचा माणूस यांत फरक असतोच.

मला मात्र यापेक्षा मोठी अडचण वेगळीच वाटते. प्रीकंडिशनिंगला आधी सूचना लागते. ऑपरेशनची तारीख ठरलेली असते. साप किंवा महामार्गावरचा अपघात तारीख देत नाही. म्हणून २००३ मधलं झाओ आणि विंटेन-योहान्सन यांचं काम मला महत्त्वाचं वाटतं. त्यांनी कुत्र्यांच्या हृदयात रक्त परत सोडतानाच ३० सेकंद चालू, ३० सेकंद बंद असं तीन वेळा केलं, आणि इजा कमी झाली. रक्त कधी परत आणायचं, इतकंच नाही, कसं परत आणायचं हाही प्रश्न झाला.

इथे घाई करू नका. दवाखान्यात बीपीच्या पट्ट्याने दाब उतरवणं आणि हा प्रयोग वरवर सारखे दिसतात, पण एक नियम विषासाठी आहे, दुसरा प्रयोग हृदयावरचा. सारखं दिसणं म्हणजे पुरावा नाही. दोन्हींच्या मधली ती रिकामी जागा, तिलाच आपण कोर्सवर्कमध्ये रिसर्च गॅप म्हणतो.

आणि गावी गेलात तर एवढं नक्की सांगा. साप चावला तर दोरी नको. अंगठी, कडं, पैंजण काढा, पाय हलू देऊ नका, आणि तडक दवाखाना गाठा. आधीच बांधलं असेल तर वाटेत सोडत बसू नका. ते डॉक्टरांसमोरच सुटू द्या.