राष्ट्राचा स्वर आणि तबकडी

लहान राष्ट्रांजवळ आपलें अस्तित्व जगास सांगण्याचीं साधनें थोडीं असतात. फिनलंडनें त्यासाठीं संगीताचा आश्रय केला. १९१७ सालीं रशियाच्या अमलांतून मुक्त झालेल्या, सुमारें ३५ लक्ष वस्तीच्या या देशाच्या सरकारनें, जाँ सिबेलियस या आपल्या संगीतकाराच्या पहिल्या दोन सिंफनी १९३० सालीं लंडन येथें ध्वनिमुद्रित व्हाव्यात म्हणून द्रव्यसाह्य केलें. सिंफनी म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठीं रचिलेली, बहुधा चार भागांची दीर्घ रचना. वादक इंग्रज होते. संचालक मात्र सिबेलियसचे जुने स्नेही रॉबर्ट कायानुस. तबकडीच्या एका बाजूस सुमारें चार मिनिटांचेंच संगीत मावे. म्हणून प्रत्येक सिंफनी तुकड्या-तुकड्यांनीं अनेक तबकड्यांवर घ्यावी लागली. तरीहि हेलसिंकी कधीं न पाहिलेल्या श्रोत्यांच्या घरांत फिनलंडचा स्वर त्यांनींच पोंचविला.

त्याच दशकांत महाराष्ट्रांतील एका गायकानेंहि राष्ट्राच्या स्वराचा ध्यास घेतला होता. मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर यांचा जन्म १८९८ सालीं आळंदीस झाला. भास्करबुवा बखले यांचे ते शिष्य. गंधर्व नाटक मंडळींत ते गाजले, आणि पुढें ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’, ‘माणूस’, ‘शेजारी’ या चित्रपटांस त्यांनीं संगीत दिलें. ‘वंदे मातरम्’ला त्यांनीं झिंझोटी रागांत चाल लाविली. परंतु खरी अडचण निराळीच होती. आपलें संगीत एका स्वरधारेचें, गळ्यांतून गळ्यांत जाणारें. पाश्चात्त्य वृंदास मात्र प्रत्येक वाद्याचा निराळा स्वर कागदावर मांडून द्यावा लागतो.

ही अडचण १९४७ सालीं प्रत्यक्ष पुढें आली. न्यूयॉर्क येथें संयुक्त राष्ट्रांच्या महासभेच्या प्रसंगीं भारतीय प्रतिनिधींपाशीं राष्ट्रगीत मागण्यांत आलें. त्यांच्याजवळ ‘जनगणमन’ची एक तबकडी होती, तीवरून तेथील वृंदानें सराव करून तें वाजविलें, आणि श्रोत्यांना तें फार आवडलें. १९४८ च्या ऑगस्टमध्यें पंडित नेहरूंनीं घटनासमितींत हा प्रसंग सांगितला. ‘वंदे मातरम्’ची चाल परदेशी वृंदास वाजविण्यास सुलभ नाहीं, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

कृष्णरावांनीं हार मानिली नाहीं. हें गीत बँडवरहि वाजूं शकतें हें दाखविण्यासाठीं त्यांनीं तशी रचना सिद्ध केली आणि दिल्लीस जाऊन ती ऐकविली. २४ जानेवारी १९५० रोजीं डॉ. राजेंद्रप्रसाद यांनीं निर्णय जाहीर केला: राष्ट्रगीत ‘जनगणमन’, ‘वंदे मातरम्’ला त्याच्या बरोबरीचा मान.

फिनलंडच्या संगीतकारापाशीं लिखित स्वरलिपि होती, संचालक होता आणि खर्च सोसणारें सरकार होतें. कृष्णरावांपाशीं गळा होता आणि चिकाटी होती. १९७४ सालीं ते निवर्तले. गीताची थोरवी काव्यांत असते हें खरें. परंतु तें दूरदेशीं पोंचावयाचें तर कोणीतरी तें लिहून, वाजवून, मुद्रित करून ठेवावें लागतें. तें काम आधीं झालें नाहीं, तर निर्णयाच्या घडीला हाताशीं जी तबकडी असेल तीच बोलते.